धोटा, चाळ आणि वाङ्मय : परिस्थितिवादाची एक कसोटी

वाङ्मय समाजाच्या आर्थिक परिस्थितीतून जन्म घेते, की ते प्रतिभेचे स्वयंभू फळ असते, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेला कला आणि जीवन यांचा वाद विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात भरात आला. त्याच सुमारास, १९३५ साली, लालजी पेंडसे यांनी ‘साहित्य आणि समाजजीवन’ लिहून मराठी वाङ्मयाची मार्क्सवादी दृष्टीने विस्तृत छाननी करण्याचा प्रयत्न केला. पुढे बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचे मूल्य तिच्या घटकांच्या लयबद्ध संघटनेत शोधले आणि वाद उलट टोकाला नेला. गंमत अशी की, यंत्रयुगातील शहराचा करकर दात खाणारा स्वर मराठी कवितेत प्रथम आणला तो याच मर्ढेकरांनी. समीक्षक म्हणून त्यांनी जी परिस्थिती दाराबाहेर ठेवली, ती कवी म्हणून त्यांच्या घरात आधीच येऊन बसली होती.

या वादातील दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली, ती म्हणजे परिस्थिती हे एकसंध, वाङ्मयाच्या बाहेर असणारे आणि हवामानासारखे सर्वांवर सारखेच पसरलेले काहीतरी असते. एक पक्ष म्हणे, पाऊस पडला म्हणून पीक आले. दुसरा म्हणे, पिकाची गोडी पावसात नसते. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. पण पाणी कोणत्या पाटाने शेतात आले, वाटेत कोणी बांध घातला, कोणत्या वाफ्याला ते मिळाले आणि कोणता कोरडा राहिला, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. वास्तविक परिस्थितिवादाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही त्या पाटांच्या शोधातच सिद्ध व्हावयाची असतात.

असा शोध घेण्यास मुंबईच्या कापडगिरण्या आणि त्यांच्या परिसरातून उगवलेले मराठी वाङ्मय यांच्याइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडेल. एक तर या उद्योगाचा आरंभ, उत्कर्ष आणि अंत हे तिन्ही आज पूर्ण झालेले आहेत. दुसरे असे की, ऐतिहासिक भौतिकवादाच्या प्रवर्तकानेच या भूमीविषयी एक स्पष्ट भाकीत करून ठेवले आहे. त्यामुळे सिद्धान्ताची परीक्षा त्याच्याच शब्दांवर घेता येते.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे ही आगगाडी धावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात मार्क्सचा हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीच्या भावी परिणामांवरील लेख प्रसिद्ध झाला. रेल्वेच्या पाठोपाठ आधुनिक कारखानदारी येईल आणि जातिसंस्था ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर उभी आहे ती विभागणी ही कारखानदारी विरघळवून टाकील, असा त्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. भाकीत आणि त्याची कसोटी यांचा जन्म असा जवळजवळ एकाच वेळी झाला.

या गिरण्यांत माणसे आली ती मुख्यतः कोकणातून, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरील सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून. कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि त्यांवर खोताचा अंमल. घाटावर पावसाची बेभरवशाची कृपा. जमीन कुटुंबाला पोसू शकत नव्हती, आणि गिरणीचा पगार कुटुंबाला मुंबईत ठेवू शकत नव्हता. म्हणून पुरुष शहरात आला आणि बायकामुले पुष्कळदा गावी राहिली. पगारातला भाग मनिऑर्डरीने गावी जाई. गावाकडून तांदूळ, कुळीथ आणि पेरणीच्या वेळी निरोप येई. गिरणीतले काम कायमचे असेलच असे नव्हते. कित्येकजण ‘बदली’ म्हणून पहाटे दारात उभे राहत आणि जॉबरने आत घेतले तर त्या दिवसाची मजुरी मिळे. नोकरी गेली, संप झाला, आजार आला, की गाव हाच आधार असे. एकाच गावच्या वीस-पंचवीस माणसांनी मिळून घेतलेली एक खोली, तीत पाळीपाळीने अंथरली जाणारी वळकटी, खानावळवालीकडचे उधारीचे जेवण आणि दाराशी येणारा सावकार, या गोष्टींनी गिरणगावाचे रोजचे जीवन घडले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या औद्योगिक भांडवलशाहीवरील ग्रंथात हेच दाखविले की, कामगाराचे राजकारण कारखान्याच्या भिंतींच्या आत जितके घडले, तितकेच वस्तीत, नाक्यावर आणि चाळीत घडले.

म्हणजे मार्क्सच्या अंदाजातील पहिली अडचण येथेच उभी राहते. कारखान्याने जुन्या गावाचा नाश केला नाही. त्याने गावाला कामाला लावले. मजुराला वाढविण्याचा, आजारपणात सांभाळण्याचा आणि म्हातारपणी पोसण्याचा खर्च गावाने सोसला, म्हणून गिरणीला स्वस्त मजूर मिळाला. आणि गाव टिकले, म्हणून गावाबरोबर त्याची नाती, त्याचे देव, त्याचे मानपान आणि त्याची जातही टिकली. जुन्या समाजसंबंधांचे हे टिकणे मागासलेपणाचे अवशिष्ट चिन्ह नव्हते. नव्या अर्थव्यवस्थेचीच ती गरज होती.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि ती यंत्राच्या पोटातच दडलेली आहे. मागावर आडवे सूत धोट्यातून जाते. धोट्यातील कांडी संपली की विणकराने नवी कांडी घालावयाची आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावयाचे, अशी पद्धत होती. लँकेशायरमध्ये या क्रियेला ‘धोट्याचे चुंबन’ असे नाव पडले होते. तेथे तिच्याविरुद्ध तक्रार झाली ती आरोग्याच्या कारणाने. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ मध्ये कायदा करून ही पद्धत बंद केली. मुंबईत तोच धोटा, तीच क्रिया. पण येथे तिचा अर्थ निराळा झाला. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणजे तो उष्टा होणार. आणि अस्पृश्याचे उष्टे सवर्ण विणकर कसे सहन करणार? परिणामी विणकामाच्या, म्हणजे साच्याच्या, खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश मिळेना. हे खाते गिरणीतील चांगल्या मजुरीचे. अस्पृश्य कामगार राहिले ते रिंगसारख्या कमी मजुरीच्या खात्यांत.

या एका उदाहरणात परिस्थितिवादाचा सारा प्रश्न सामावलेला आहे. सरळ वाटणारा युक्तिवाद असा की, यंत्र हा पाया आणि उष्ट्या-सोवळ्याची कल्पना हा त्यावरील इमला. पण येथे कल्पना इमल्यावर बसलेली नाही. ती यंत्राच्या छिद्रातून आत शिरली आहे आणि मजुरीचे दर ठरवीत आहे. कोणाला किती पगार मिळावा, हा निखळ आर्थिक प्रश्न विटाळाच्या कल्पनेने सोडविलेला आहे. उलट बाजूने पाहता, त्या कल्पनेला गिरणीत बळ मिळाले ते केवळ परंपरेमुळेही नव्हे. चांगल्या मजुरीच्या जागा थोड्या आणि मागणारे फार. अशा वेळी स्पर्धकांपैकी काहींना दाराबाहेर ठेवणारी कोणतीही कल्पना आतल्यांच्या सोयीची ठरते. आर्थिक स्वार्थाने कल्पनेला आश्रय दिला आणि कल्पनेने स्वार्थाला धर्माचे रूप दिले. यांतील कोणते आधी आणि कोणते नंतर, हे विचारण्याने काही हाती लागत नाही. दोन्ही एकमेकांच्या आधाराने कशी उभी राहिली, हे पाहिल्यानेच लागते.

१९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप झाला. गिरणी कामगार युनियन त्याच संपातून उदयाला आली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साच्याच्या खात्याचा हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर आग्रहाने मांडला. पुढे १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी हाच अनुभव सिद्धान्तरूपाने सांगितला : जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकाच्या डोक्यावर दुसरा अशी रचलेली. हा विचार ग्रंथांतून आलेला असला, तरी ग्रंथांइतकाच तो परळ-लालबागच्या गिरण्यांतूनही आलेला आहे. आंबेडकरांनी आर्थिक परिस्थितीकडे पाठ फिरविली असे म्हणणाऱ्यांनी १९३८ सालचे मनमाडचे भाषण आठवावे. रेल्वेतील दलित कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एका दमात सांगितले होते. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात ते आणि साम्यवादी पुढारी एका बाजूला उभे होते. एकाच दिवशी एका मैदानावर आलेले हे दोन विचारप्रवाह दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळे का झाले, याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या धोट्यात आहे.

मराठी कादंबरीने मात्र हा धोटा पाहिला आणि पाहिलाही नाही. मामा वरेरकर यांनी १९३३ मध्ये गिरणी कामगारांच्या जीवनावर कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिले ‘धावता धोटा’. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात रमलेल्या कादंबरीला गिरणीच्या फाटकापर्यंत नेण्याचे धाडस त्या काळी थोडे नव्हते, आणि त्याचे श्रेय वरेरकरांना निःसंशय दिले पाहिजे. परंतु नावातला धोटा हा गतीचे, उद्योगाचे, अखंड श्रमाचे प्रतीक आहे. ज्याला कोणी तोंड लावावयाचे आणि कोणी लावावयाचे नाही तो धोटा हा नव्हे. प्रतीक होताना वस्तूने आपला इतिहास गमावला. लेखकाची सहानुभूती खोटी नव्हती. पण सहानुभूती फाटकाशी उभी राहून पाहते. खात्याखात्यांतील भिंती आतून गेल्याशिवाय दिसत नाहीत. लेखक परिस्थितीच्या कोणत्या बिंदूवर उभा आहे, यावर त्याला परिस्थितीचा कोणता भाग दिसणार हे पुष्कळसे अवलंबून असते. परिस्थितिवादी समीक्षेने हे सूत्र इतरांना जितक्या तत्परतेने लावले, तितक्या तत्परतेने आपल्या पक्षाच्या लेखकांना लावले नाही.

आतून पाहणारे लेखक पुढील दोन-तीन दशकांत आले. त्यांच्या येण्यालाही भौतिक कारणे होती, आणि ती अगदी साधी आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मांडलेल्या मागण्यांपैकी आठवड्याच्या सुटीची मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली. रविवार हा गिरणगावाचा सभेचा, भजनाचा आणि तमाशाचा वार झाला. श्रोतृवर्गाला वेळ मिळाला. दुसरे कारण भाषेचे. कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांतील बहुसंख्य कामगार बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा अशा भागांतून आलेले होते. त्यांची बोली आणि बंगाली वाङ्मयाची भाषा यांत अंतर होते. मुंबईत इतर भाषांचे कामगार होतेच, तरी मोठा भाग मराठी बोलणारा होता. त्यामुळे कामगाराचे गाणे थेट वाङ्मयाच्या भाषेत उतरू शकले. त्याला मधल्या दुभाष्याची गरज भासली नाही. कामगार कवी मराठीत का निर्माण झाले, या प्रश्नाचे एक उत्तर स्थलांतराच्या नकाशात आहे.

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) हे वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईस आलेले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. या पथकाने पोवाडा, लावणी, छक्कड आणि तमाशा हे जुनेच प्रकार का स्वीकारले? तिकिटाला पैसा नसलेला, पुष्कळदा निरक्षर, पाळीवरून उठून आलेला आणि उघड्या मैदानावर बसलेला श्रोता होता, म्हणून. आणि हे प्रकार त्याने गावाहून आपल्या वळकटीबरोबरच आणले होते, म्हणूनही. परिस्थितीचा परिणाम आशयावर होतो असे सामान्यतः सांगितले जाते. येथे तो आधी आकृतिबंधाच्या निवडीवर झालेला दिसतो.

त्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो. पेशवाईतील शाहिरांच्या विरहाच्या लावण्यांत बहुधा स्त्री बोलते : धनी मोहिमेवर गेला आहे आणि ती घरी आहे. त्या विरहामागेही एक अर्थव्यवस्था होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावयाचे आणि पावसाळ्याच्या तोंडी परतावयाचे, हा मराठेशाहीचा वार्षिक क्रम त्या लावणीत विरहाचा ऋतुक्रम बनला. अण्णाभाऊंच्या छक्कडीत बोलतो तो पुरुष. घर सोडून गेलेलाच आता विरहाने व्याकूळ झाला आहे, आणि मागे राहिलेली मैना गावी आहे. मोहिमेवरचा शिपाई लूट घेऊन परत येई; गिरणीतला मजूर परत जाऊ शकत नाही, फक्त मनिऑर्डर पाठवितो. परतीची वाट बंद झाली तेव्हा विरहाचा स्वर स्त्रीकडून पुरुषाकडे आला. पुढे तीच मैना संयुक्त महाराष्ट्राच्या तुटलेल्या भूभागाशी एकरूप होते आणि वैयक्तिक ताटातूट राजकीय मागणीत परिणत होते. आर्थिक परिस्थितीने विचार घडविला तो असा : प्रत्यक्ष नव्हे, जुन्या गीतप्रकारातील बोलणाऱ्याची जागा बदलून.

परंतु याच ठिकाणी आकृतिबंधाने परिस्थितीवर घेतलेला सूडही पाहिला पाहिजे. मैना गावी राहिली हे पुष्कळांच्या बाबतीत खरे होते, सर्वांच्या नव्हे. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीळ या खात्यांत हजारो स्त्रिया राबत होत्या, आणि पुढे यंत्रांची सुधारणा व खर्चकपात आली तेव्हा त्यांच्याच जागा आधी गेल्या. एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या तर संपाच्या काळात उधारीवर अन्न देऊन संप जगवीत असत. त्यांची संघटना अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने उभी राहिली ती १९७५ मध्ये. डोळ्यांसमोर वावरणारी ही स्त्री लावणीच्या साच्यात बसली नाही. त्या साच्यात विरहिणीची जागा होती, कांडी भरणारीची नव्हती. म्हणजे परिस्थिती आकृतिबंध निवडते, आणि निवडलेला आकृतिबंध परिस्थितीतले काय दिसावे हे ठरवितो. केवळ एकेरी कार्यकारणभाव मानणारी समीक्षा या दुसऱ्या अर्ध्याला मुकते.

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या कवितेत कामगार हा प्रथमच विषय न राहता बोलणारा ‘मी’ झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी शहर, रस्ता, चाळ आणि कारखाना यांना ज्ञानाची जागा मानले. त्यांच्या कवितेत वर्ग ही कल्पना जितकी निर्मळ आणि भरीव उतरली, तितकी ती इतरत्र क्वचित आढळते. याचे कारण केवळ पक्षनिष्ठेत शोधणे पुरेसे नाही. सुर्वे हे रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना घरी आणले आणि आपले नाव दिले. पुढे गंगाराम निवृत्त होऊन गावी गेले आणि मुलगा मुंबईत राहिला. इतर कामगाराला पाठीमागे गाव होते, जमिनीचा तुकडा होता, जात होती, सोयरेधायरे होते. या कवीला जन्माने यांतले काहीच मिळालेले नव्हते; जे मिळाले ते एका कामगाराच्या करुणेतून मिळाले. म्हणून ‘कामगार’ हा शब्द त्यांच्या ठिकाणी आर्थिक संज्ञा न राहता नात्याचा शब्द झाला. मार्क्सवरील त्यांच्या कवितेत मार्क्स भेटतो तो ग्रंथातून नव्हे. संपाच्या मिरवणुकीत, एका कामगार स्त्रीने घरच्या वडीलधाऱ्या माणसाची ओळख करून द्यावी तसा तो भेटतो. १८५३ साली लंडनमध्ये बसून मुंबईविषयी भाकीत करणारा विचारवंत लालबागेत येईतो घरचा म्हातारा झाला होता. विचार एका समाजातून दुसऱ्यात जातो तेव्हा तो तेथील नात्यांच्या भाषेत बोलू लागला तरच रुजतो. अनाथपण हे सुर्व्यांच्या प्रतिभेचे कारण होते, असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. अनाथ पुष्कळ होते, सुर्वे एकच झाले. परिस्थितीने त्यांना प्रतिभा दिली नाही, प्रतिभेला उभे राहण्याची जागा दिली.

सुर्व्यांच्या पहिल्या संग्रहानंतर वर्षभरातच, १९६३ मध्ये, बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणे ही परिस्थितिवादाची खरी परीक्षा होय. शीर्षककथेतील तरुणाला नोकरी मिळते ती रेल्वेत, म्हणजे ज्या रेल्वेने जातींची श्रमविभागणी विरघळावयाची होती तिच्यातच. नोकरी देताना कारखाना जात विचारीत नाही. पण खोली देणारा विचारतो. डोक्यावर छप्पर हवे म्हणून जात लपवावी लागते, आणि ती उघड होताच कालचे सोबती मारावयास उठतात. कामाच्या जागी वर्ग आणि राहण्याच्या जागी जात, अशी ही चिरफाळलेली परिस्थिती आहे. सुर्व्यांना चाळीने नाते दिले. बागुलांच्या नायकाला तिने दार लावून घेतले. दोघांची आर्थिक स्थिती फार भिन्न नव्हती. दोघेही श्रमिकांच्या जगाचे, दोघेही मार्क्सच्या विचाराशी परिचित. तरी एकाच्या वाक्यात विश्वास आहे, दुसऱ्याच्या वाक्यात भाजलेल्या कातड्याची संवेदना आहे. आर्थिक परिस्थिती हा शब्द केवळ उत्पन्नापुरता घेतला, तर हा भेद समजावून सांगता येत नाही. तिच्यात घर, पाणवठा, शेजार आणि तोंड लावलेला धोटा यांचा समावेश केला, तरच तो समजतो.

अण्णाभाऊंच्या ठिकाणी हे दोन्ही प्रवाह एकाच व्यक्तीत नांदत होते, याची आठवण येथे उचित ठरेल. लाल बावट्याच्या या शाहिराने १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, आणि दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. पक्षांना जे जमले नाही ते एका लेखकाच्या अर्पणपत्रिकेने केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

सिद्धान्ताची शेवटची कसोटी मात्र अद्याप उरते. पाया ढासळला की इमल्याचे काय होते? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो विधिवत् कधी मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या फेरविकासाची वाट मोकळी केली. कापडापेक्षा जमीन अधिक मोलाची ठरली, आणि चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक रंगभूमीवर आले ते १९९७ मध्ये, म्हणजे संपानंतर पंधरा वर्षांनी. आणि त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २०१२ मध्ये. गिरणी नाहीशी झाल्यावर गिरणीचे वाङ्मय संपले नाही; किंबहुना त्यातील काही अत्यंत प्रगल्भ लेखन तेव्हाच झाले. ‘अधांतर’मध्ये यंत्राचा आवाज नाही. आहे ती चाळीतली एक खोली, तीत कोंडलेले गिरणी कामगाराचे कुटुंब आणि सारे धरून ठेवू पाहणारी आई. लावणीने गावी ठेवलेली मैना येथे मुंबईच्या खोलीत म्हातारी होऊन बसली आहे, आणि नाटकाचा भार आता तिच्यावर आहे.

मनोवृत्ती ज्या परिस्थितीत घडते, ती परिस्थिती गेल्यावरही मनोवृत्ती उरते. इतकेच नव्हे, तर परिस्थिती चालू असताना ती स्वाभाविक वाटते आणि म्हणून दिसत नाही. मोडल्यावर तिचे सांधे दिसू लागतात. वाङ्मय परिस्थितीच्या मागून चालते ही त्याची दुर्बलता नसून पुष्कळदा त्याचे सामर्थ्यच असते.

पण या उशिरा येण्यात एक धोकाही आहे आणि तो समीक्षेने ओळखला पाहिजे. गिरणगाव नाहीसे झाल्यापासून त्याच्या आठवणींना एक सोनेरी कड लाभली आहे. एकजूट, भजन, गणपती, शेजार, एकाच्या संकटाला धावून जाणारी चाळ, असे चित्र पुनःपुन्हा रंगविले जाते, आणि त्यात खोटे असे काही नाही. मात्र त्या चित्रात साच्याच्या खात्याचे दार नसते, बागुलांच्या तरुणाला न मिळालेली खोली नसते, रिळावरून कमी केलेली स्त्री नसते. जे गमावले त्याचे दुःख मोठे असल्यामुळे, जे मुळात सर्वांना मिळालेच नव्हते त्याचा विसर पडतो. हा विसर निरुपद्रवी नाही. आज ठेकेदारीवर, कोठारांत आणि रस्त्यांवर राबणाऱ्यांचे जे नवे वाङ्मय लिहिले जाईल, त्याला जर हा गुळगुळीत केलेला भूतकाळ आदर्श म्हणून मिळाला, तर तेही आपल्या काळचा धोटा पाहावयाचे विसरेल.

एंगल्सने १८९० मधील एका पत्रात स्पष्ट केले होते की, आर्थिक घटक हा अखेरीस निर्णायक असला तरी तो एकमेव निर्णायक घटक आहे असे म्हणणे म्हणजे मूळ विधानाला निरर्थक करणे होय. खुलासा योग्यच आहे; पण समीक्षकाला ‘अखेरीस’ या शब्दाचा फारसा उपयोग नाही. इतिहासाची अखेर पाहावयास कोणी थांबत नाही, आणि कलाकृती समोर असते ती आता. तिला समजून घेताना परिस्थिती हा शब्द एकवचनी आणि अमूर्त ठेवून भागत नाही. कोणते खाते, कोणती खोली, कोणाची पाळी, कोणाची मनिऑर्डर, कोणता गीतप्रकार, हे विचारावेच लागते. त्या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे कविता समजली असे नव्हे. कवितेत जे घडले ते कशाविरुद्ध आणि कशाच्या आधाराने घडले, हे समजते. मर्ढेकरांनी ज्या लयीचा आग्रह धरला ती लयही कोठल्या तरी काळातल्या, कोठल्या तरी वस्तीतल्या शब्दांचीच असते. आणि पेंडशांनी ज्या समाजजीवनाचा आग्रह धरला ते वाङ्मयात येते तेव्हा लय घेऊनच येते. पाणी आणि पीक यांच्यामधील पाट शोधण्याचे काम दोघांनाही मागे टाकून पुढे जाणाऱ्या समीक्षेचे आहे, आणि मुंबईच्या गिरण्यांपुरते तरी ते अजून पुरे झालेले नाही.